कमीत कमी अटींवर जोडलेले जाळे

प्रश्न थोडक्यात असा: अणुहल्ल्यात टिकून राहावे म्हणून अमेरिकी लष्कराने इंटरनेट बांधले, हे खरे का? त्याचा खरा जनक कोण? आणि त्याच काळात संगणकांची इतरही जाळी असताना जगभर हेच का पसरले?

नेटवर्क उभारणे आणि ते चालते ठेवणे हे माझे आयुष्यभराचे काम. त्यातही राउटिंग, म्हणजे माहितीने कुठल्या वाटेने जायचे ते ठरवणे, हा खास विषय. त्यामुळे या उत्तरात कंपन्यांच्या यशोगाथा फारशा येणार नाहीत, प्रोटोकॉलच्या, म्हणजे संगणकांनी आपापसांत बोलण्याच्या नियमांच्या, आतल्या गोष्टी जास्त येतील. इंटरनेट का टिकले आणि आज कुठे दुखते, ही दोन्ही उत्तरे मला तिथेच सापडतात.

अणुयुद्धाची कथा आधी निकालात काढू. ती निखालस खोटी नाही, दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेत पॉल बॅरन एका नेमक्या प्रश्नावर काम करत होते: टेलिफोनची मोठी केंद्रे हल्ल्यात उडाली, तरी उरलेल्या तारांवरून संदेश पोचेल का? १९६४ साली त्यांचे अहवाल प्रसिद्ध झाले. संदेशाचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहायचा आणि जाळ्यातल्या प्रत्येक ठाण्याने तो त्या क्षणी चालू असलेल्या वाटेने पुढे ढकलायचा. सगळ्यांवर हुकूम चालवणारे मधले केंद्रच नको. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस जवळपास याच रचनेपाशी पोचले, पण त्यांच्या डोक्यात बॉम्ब नव्हता. संगणकापाशी बसलेला माणूस थोडे टंकतो, मग विचार करत बसतो. तेवढा वेळ अख्खी तार त्याच्यासाठी अडकून पडते. तुकडे केले तर तीच तार अनेकांना वापरता येईल, हा त्यांचा हिशोब. त्या तुकड्याला पॅकेट हे नाव त्यांनीच दिले.

इंटरनेटचे पूर्वज असलेल्या आर्पानेट या जाळ्याचा हेतू यातल्या दुसऱ्या बाजूला जवळचा होता. आर्पा ही संशोधनाला पैसा पुरवणारी अमेरिकी संरक्षण खात्याची संस्था. स्पुटनिक या सोव्हिएत उपग्रहाने १९५७ मध्ये दिलेल्या धक्क्यानंतर, १९५८ साली ती सुरू झाली. तिथे संगणक विभाग सांभाळणारे बॉब टेलर यांच्याकडे तीन टर्मिनल होते आणि ते तीन ठिकाणच्या तीन संगणकांना जोडलेले होते. तिन्हींच्या आज्ञा वेगळ्या. एकावरचे काम दुसऱ्यावर नेण्याची सोय नाही. शिवाय प्रत्येक विद्यापीठ स्वतःसाठी नवा महागडा संगणक मागत होते. हे संगणक एकमेकांना जोडावेत म्हणून टेलर यांनी १९६६ मध्ये संचालकांकडून पैसे मंजूर करून घेतले आणि लॅरी रॉबर्ट्स यांना कामाला लावले. रॉबर्ट्स यांनी बॅरन आणि डेव्हिस या दोघांच्याही कामाचा उपयोग करून घेतला. म्हणजे पैसा लष्करी खात्याचा, हे खरे. हेतू महागडी यंत्रे वाटून वापरण्याचा. बॉम्बची गोष्ट बॅरन यांच्या अहवालातून आली आणि पुढे सांगोवांगी अख्ख्या इंटरनेटला चिकटली.

एक अडचण लवकरच दिसली. संगणकांचे मालक आपल्या यंत्राचा मोलाचा वेळ दुसऱ्यांचे संदेश हाकण्यात घालवायला तयार नव्हते. वेस्ली क्लार्क यांनी तोडगा सुचवला: प्रत्येक ठिकाणी एक वेगळा छोटा संगणक ठेवा, ते सगळे एकसारखे असू द्या आणि आपापसांत बोलण्याचे काम त्यांच्यावर सोडा. बीबीएन या कंपनीने हनीवेलच्या यंत्रावर ते बांधले. आजच्या राउटरचे ते पूर्वज. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या यंत्राशी जोडणी करून ‘लॉगिन’ टंकायला सुरुवात झाली; ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक कोसळला. तासाभराने पुन्हा प्रयत्न केला तेव्हा जमले. वर्षअखेरीस चार ठाणी जोडलेली होती आणि तारांचा वेग सेकंदाला ५० किलोबिट.

पण आर्पानेट म्हणजे इंटरनेट नव्हे. ते एकच, एका मालकाचे जाळे होते. इंटरनेटचा जन्म मी १९७० च्या दशकाच्या मध्यात धरतो. हवाईत नॉर्मन अब्रॅमसन यांच्या चमूने रेडिओवर चालणारे अलोहानेट उभे केले होते. उपग्रहावरून पॅकेट पाठवण्याचे प्रयोग सुरू होते. ही जाळी स्वभावाने एकमेकांपासून भिन्न होती. आर्पानेटच्या तारा भरवशाच्या. तिथली मधली यंत्रे पॅकेट पोचवण्याची हमी घेत. रेडिओवर मात्र पॅकेट सर्रास हरवतात आणि उपग्रहावर उशीर ठरलेलाच. मग सगळ्यांना एका नियमात बसवायचे तरी कसे?

याचे उत्तर बॉब काह्न आणि व्हिंट सर्फ यांनी मे १९७४ मध्ये छापलेल्या निबंधात आहे, आणि त्यामागे फ्रान्सच्या लुई पूझँ यांच्या सिक्लाद जाळ्याचा मोठा वाटा आहे. पूझँ यांचे म्हणणे होते की मधल्या जाळ्याने हमी घेऊच नये. पॅकेट येईल तसे पुढे सरकवावे. हरवलेले परत मागवणे, उलटसुलट आलेले क्रमाने लावणे, हे सगळे दोन टोकांच्या संगणकांनी पाहावे. या विचारामुळे कुठलेही जाळे सामील होऊ शकत होते. सामील होण्याची अट एवढीच: पत्ता वाचा आणि जमेल तेवढ्या प्रयत्नाने पॅकेट पुढे द्या. वेगाची हमी नको, पोचण्याची नको, क्रमाची नको. १९७८ मध्ये मूळ प्रोटोकॉलचे दोन भाग केले गेले. मधल्या यंत्रांना लागणारी पत्त्याची आणि वहनाची बाब आयपीकडे गेली, टोकांची जबाबदारी टीसीपीकडे. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. उशीर आणि नुकसान यांतला कमी त्रासाचा पर्याय निवडण्याची मोकळीक त्यामुळे टोकांना मिळाली. फाइल पाठवताना एकही बाइट गमावून चालत नाही. आवाज पाठवताना मात्र उशिरा आलेला तुकडा निरुपयोगीच असतो.

२२ नोव्हेंबर १९७७ ला या कल्पनेची कसोटी झाली. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या रस्त्यावर धावणाऱ्या एका व्हॅनमधून रेडिओवर निघालेली पॅकेट आर्पानेटमधून, उपग्रहावरून, युरोपला वळसा घालून लॉस एंजेलिस परिसरातल्या संगणकावर पोचली. तीन तऱ्हांची जाळी, आणि प्रवासात कुठेही कुणाला दुसऱ्याची अंतर्गत रचना माहीत असण्याची गरज पडली नाही. १ जानेवारी १९८३ ला आर्पानेटने जुना प्रोटोकॉल बंद करून टीसीपी-आयपी स्वीकारला. अख्ख्या जाळ्याने एका ठरलेल्या दिवशी भाषा बदलणे तेव्हा शक्य झाले, नंतर कधीच नाही. हा मुद्दा पुढे पत्त्यांच्या टंचाईत आडवा येतो.

नावांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू झाले. आधी प्रत्येक यंत्राचे नाव आणि पत्ता एकाच फाइलमध्ये असे. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा चमू ती सांभाळे आणि सगळे ती उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ती पद्धत मोडकळीला आली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसची रचना मांडली: ज्याचे डोमेन त्याने आपली नावे सांभाळावी, वरच्याने फक्त कुणाला विचारायचे ते सांगावे.

आता ज्या घटनेवर मी कितीही वेळ बोलू शकतो ती. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. अंतर अवघे ४०० यार्ड. तार तुटली नव्हती, कुठले यंत्रही बंद नव्हते. सगळे आपापल्या नियमाने बरोबर वागत होते, आणि नेमके त्यामुळेच जाळे बसले होते. झाले असे की राउटरपाशी रांग लांबली, पॅकेट मिळाल्याची पोच यायला उशीर झाला, पाठवणाऱ्याने पॅकेट हरवले असे धरून पुन्हा पाठवले. ती जादा प्रत त्याच रांगेत उभी राहिली. सगळेच असे करू लागले तेव्हा तार गच्च भरलेली, पण तिच्यावरून त्याच त्या पॅकेटच्या प्रती फिरत होत्या आणि उपयोगाचे जवळजवळ काहीच पलीकडे जात नव्हते.

व्हॅन जेकबसन यांनी माइक कॅरेल्स यांच्यासोबत यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये तो प्रसिद्ध केला. जुने पॅकेट जाळ्यातून बाहेर पडल्याची पोच आली की मगच नवे आत सोडायचे. सुरुवात अगदी थोड्याने करायची, पोच येत राहील तसा वेग वाढवायचा. पॅकेट हरवले तर ती वाट भरल्याची खूण समजायची आणि वेग एकदम खाली आणायचा, मग पुन्हा हळूहळू चढवायचा. यासाठी मधल्या एकाही राउटरला हात लावावा लागला नाही. बदल फक्त टोकांच्या संगणकांच्या सॉफ्टवेअरमध्ये झाला, आणि तो बर्कलीच्या युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीमधून मोफत पसरला. आज दोन अनोळखी माणसांचे डाउनलोड एकाच तारेवरून बऱ्यापैकी समान वाट्याने चालतात, यामागे कुणी पोलीस नाही. प्रत्येक टोक स्वतःहून मागे सरते. इतक्या मोठ्या प्रमाणावर चालणारा स्वेच्छेचा संयम मला दुसऱ्या कुठल्या यंत्रणेत दिसलेला नाही, आणि म्हणून या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

त्याची एक दुखरी बाजूही आहे. मेमरी स्वस्त झाल्यावर राउटर आणि मोडेममध्ये रांगेसाठी भरमसाट जागा ठेवली जाऊ लागली. पॅकेट हरवतच नाहीत, नुसती रांगेत थांबतात; मग टीसीपीला वाट भरल्याचे कळत नाही. घरात कुणी मोठी फाइल वर चढवत असताना दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो, तो बहुतेक वेळा यामुळे. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये रांगेत थांबण्याचा वेळ मोजून पॅकेट टाकून देण्याची पद्धत दिली. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘स्मार्ट क्यू’सारखा पर्याय असेल तर तो चालू करा. जादा वेगाचा प्लॅन घेण्याआधी हे करून पाहावे, असा माझा सल्ला असतो.

इतर जाळी का मागे पडली? १९८० च्या दशकात सरकारे आणि मोठ्या कंपन्या ओएसआय नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या बाजूने होत्या. अमेरिकी सरकारनेही आपल्या खरेदीसाठी त्याचा आग्रह धरला होता. ते काम समित्यांमधून वर्षानुवर्षे चालले, मानकांची कागदपत्रे विकत घ्यावी लागत, आणि चालणारे सॉफ्टवेअर उशिरा येई. टीसीपी-आयपीची टिपणे मात्र १९६९ मध्ये स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने सुरू केलेल्या आरएफसी मालिकेत कुणालाही फुकट वाचता येत, आणि कोड युनिक्सबरोबर हातात पडे. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या, १९८६ मध्ये सुरू झालेल्या आयईटीएफमध्ये आजही मतदान होत नाही. ढोबळ सहमती आणि चालणारे सॉफ्टवेअर यांवर निर्णय होतात. तरी ओएसआयच्या लोकांना नावे ठेवणे मला अन्यायाचे वाटते. पत्त्यांची लांबी त्यांनी जास्त दूरदृष्टीने ठरवली होती, आणि त्यांच्याकडून आलेला आयएस-आयएस हा राउटिंग प्रोटोकॉल आजही मोठमोठ्या सेवादात्यांच्या जाळ्यात चालतो.

पुढचा विस्तार भराभर झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९८६ मध्ये एनएसएफनेट हा कणा ५६ किलोबिटांवर सुरू केला. दोन वर्षांत तो दीड मेगाबिटांवर आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ४५ मेगाबिटांवर गेला. आर्पानेट १९९० मध्ये बंद झाले. सरकारी कण्यावर व्यापारी वाहतुकीला मनाई होती, म्हणून खासगी सेवादात्यांनी १९९१ मध्ये आपापसांत वाहतूक अदलाबदलीचे स्वतंत्र ठिकाण उभारले. ३० एप्रिल १९९५ ला एनएसएफनेटचा कणा बंद झाला आणि जाळे कुणा एकाचे राहिले नाही. वेब याच काळातली. ती इंटरनेटवर चालणारी एक सेवा आहे, इंटरनेट नव्हे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत १९८९ मध्ये प्रस्ताव मांडला, आणि १९९३ मध्ये सर्नने ते तंत्रज्ञान सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठाने गोफर या तेव्हा जास्त वापरल्या जाणाऱ्या सेवेच्या सर्व्हरसाठी काहींकडून शुल्क घेण्याचे जाहीर केले, आणि लोक वेबकडे वळण्याचे ते एक मोठे कारण ठरले.

मग पत्ते संपत आले. आयपीचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४ अब्ज २९ कोटी पत्ते. प्रयोगासाठी ते भरपूर होते. १९९० च्या दशकात दोन उपाय आले: पत्त्यांचे वाटप लहान-मोठ्या तुकड्यांत करणे, आणि एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रे लपवणारे नॅट. तरीही ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. १२८ बिटांचे पत्ते असलेले आयपीव्ही६ १९९८ पासून तयार आहे, पण जुन्याशी ते थेट बोलू शकत नाही, आणि १९८३ सारखा एक दिवस ठरवून सगळ्यांना बदलायला लावणारा मालक आता नाही. नॅटमुळे जाळे वाचले, हे मी मान्य करतो. पण त्यामागच्या यंत्राला बाहेरून थेट हाक मारता येत नाही. म्हणून दोन माणसांच्या कॉललाही कित्येकदा मधला सर्व्हर लागतो, आणि टोकाला कुणीही काहीही नवे चालवावे ही मुभा आक्रसली.

नॅटपाठोपाठ फायरवॉल आणि वाहतूक तपासणारी इतर यंत्रे मध्ये आली. ओळखीचे नसलेले पॅकेट ती टाकून देत, त्यामुळे टीसीपीत सुधारणा करणे जवळपास अशक्य झाले. २०२१ मध्ये मानक झालेल्या क्विक या प्रोटोकॉलने यावर वेगळी वाट काढली. तो पोचण्याची हमी न देणाऱ्या यूडीपी या साध्या प्रोटोकॉलवर चालतो आणि स्वतःच्या नियंत्रणाची बहुतेक माहितीही कूटबद्ध करतो, म्हणजे मधल्या यंत्राला वाचता येत नाही आणि म्हणून ढवळाढवळही करता येत नाही. पूझँ यांनी जे काम टोकांकडे दिले होते, ते आता कुलूप लावून तिथे ठेवावे लागते आहे. नेटवर्क चालवणारा म्हणून यात माझी गैरसोय होते, बिघाड शोधणे कठीण जाते. तरीही हा बदल मला योग्य वाटतो.

शेवटचा भाग माझ्या रोजच्या कामाचा. हजारो स्वतंत्र जाळी एकमेकांना वाटा कशा सांगतात? बीजीपीने. १९८९ मध्ये कर्क लॉगहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी त्याचा पहिला आराखडा जेवताना कागदी रुमालांवर मांडला. प्रत्येक जाळे शेजाऱ्याला सांगते, ‘हे पत्ते माझ्यामार्फत पोचतात’, आणि शेजारी ते खरे मानून पुढे सांगतो. तपासणीची अट त्यात नव्हती. एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांचे ते जग होते. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब अडवण्यासाठी त्याच्या पत्त्यांतल्या एका लहान तुकड्याची खोटी वाट आपल्या जाळ्यात टाकली. ती वरच्या सेवादात्यामार्फत जगभर गेली. राउटर नेहमी जास्त नेमकी, म्हणजे लहान तुकड्याची वाट निवडतो, त्यामुळे यूट्यूब सुमारे दोन तास जगातल्या मोठ्या भागातून दिसेनासे झाले. राउटरनी काहीही चूक केली नव्हती. शेजाऱ्यावर विश्वास ठेवायचा हा नियम त्यांनी पाळला होता.

कमीत कमी अटी ठेवल्या म्हणून जगभरची जाळी सामील झाली, आणि ओळख पटवण्याची अट त्यातच गाळली गेली. ती आता मागाहून बसवली जाते आहे. आरपीकेआयमध्ये पत्त्यांचा मालक सही करून जाहीर करतो की माझे पत्ते अमुक जाळ्यातूनच निघतील, आणि इतर जाळी त्याविरुद्धची वाट नाकारू शकतात. मात्र यात तपासले जाते ते उगमस्थान. मधली वाट खरी की खोटी हे कळत नाही, त्यामुळे एखाद्या जाळ्याने चुकून भलतीच वाहतूक आपल्याकडे ओढली तर ते पकडायला ही सही पुरत नाही. त्यासाठीची मानके आयईटीएफमध्ये घडत आहेत. तोवर जे जाळी चालवतात त्यांनी आपल्या पत्त्यांवर सही करावी आणि आपल्या ग्राहकांकडून येणारी प्रत्येक वाट गाळून घ्यावी. २००८ मध्ये वरच्या सेवादात्याने एवढे गाळले असते, तर ती खोटी वाट त्याच्यापाशीच अडली असती.